दुबईची दिवेलागण

१

धोंडीराम गांगुर्डे मास्तरांचं डोकं वरवंट्यानं फुटलं होतं आणि तो रक्तानं माखलेला वरवंटा त्यांच्या धाकट्या पोराच्या, बारकूच्या, हातात होता. एवढं दिसल्यावर तपास करायला काही उरत नाही, असं कोणीही म्हणालं असतं. मोठे साहेब तर म्हणालेच.

"बोरस्ते, मंगळवारी पोराला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा, कबुली होऊ द्या आणि मोकळे व्हा. उगाच काथ्याकूट नको."

फौजदार मल्हारी बोरस्ते "हो साहेब" म्हणाले. सगळ्या नोकरीत ते कुठल्याच साहेबाला नाही म्हणाले नव्हते आणि फारसं कोणाचं ऐकलंही नव्हतं. पित्तानं गांजलेला, खिशात ओव्याची पुडी बाळगणारा, सदा कंटाळलेल्या चेहऱ्याचा हा माणूस एकदा एखाद्या गोष्टीला चिकटला की गोचिडासारखा सुटत नसे.

१९८३ सालच्या जानेवारीतला शुक्रवार होता. नाशकातलं इंदिरानगर तेव्हा नुकतं कुठं वसत होतं. दहा प्लॉटांत तीन घरं, बाकी गवत आणि मुरमाचे ढीग. पलीकडं शेतं, शेतांच्या पलीकडं वडाळा गाव. मास्तरांचं घर त्यातल्या त्यात देखणं. थोरला मुलगा देवराम चार वर्षांपूर्वी दुबईला गेला आणि त्याच्या कमाईवर हे घर उभं राहिलं, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मास्तरांनी सारी हयात चांदवडच्या शाळेत मुलं शिकवली आणि म्हातारपणी इथं येऊन अंगणात पेरूचं झाड लावलं. त्या झाडाला अजून एकही फळ धरलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या फरशीवर मास्तर पडले होते. भिंतीला टेकून बारकू बसला होता. दारूचा वास येत होता, पण डोळे साफ होते.

"बापाला मारलंस?" बोरस्त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणता तर मारलं."

"मी काही म्हणत नाही. तू सांग."

बारकूनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. हवालदारानं वरवंटा हातातून सोडवून घेतला तेव्हा त्यानं तो मुकाट्यानं दिला.

बोरस्ते त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि बराच वेळ त्याच्या कपड्यांकडे बघत राहिले. रक्त होतं, पण ते मांडीवर साचलेलं. शर्टावर एक शिंतोडासुद्धा नव्हता. घाव घालणाऱ्याच्या छातीवर रक्त उडतं. मांडीवर साचतं ते फुटलेलं डोकं उशाला घेणाऱ्याच्या. शिवाय मागचं दार सताड उघडं होतं, आणि पौषातल्या थंडीत दिवेलागणीनंतर मागचं दार कोणी उघडं टाकत नाही.

"ह्यानं मारलेलं नाही," ते हवालदाराला हळूच म्हणाले.

"मग हा बोलत का नाही, साहेब?"

बोरस्त्यांनी चिमूटभर ओवा तोंडात टाकला.

२

मास्तरांच्या बायकोला, लंकाबाईंना, शेजारच्या घरात बसवलं होतं. डोळ्यांना पाणी नव्हतं. पदराचं टोक मुठीत धरून त्या समोर बघत होत्या.

"तुम्ही घरात नव्हता?"

"मी हितंच व्हते, साहेब, मालनबाईकडं. देवरामचा फोन येतो शुक्रवारी. तिकडं दुबईला शुक्रवारचीच सुट्टी असती. आमच्या घरी फोन नाय."

"आज आला?"

"आला की." एवढ्या दुःखातही बाईचा आवाज मऊ झाला. "मी नेहमीसारखं इचारलं, दिवा लावला का रं बाबा. म्हनला, लावला आई. मंग आमी दोघांनी फोनवरच वंदना म्हनली. बुद्धाम्होरं मेणबत्ती लावून म्हनायची तशी. तिकडची बांग बी आईकू येत व्हती. मी म्हनलं ही कसली रं बांग, तर म्हनला, हितं मशिदी लय हायेत आई, दिवस मावळला की सुरू व्हती."

बोरस्त्यांनी मान डोलावली. दुबई म्हटल्यावर बांग असायचीच.

"मंग मी घरी गेले तर दिवा नाय, काय नाय. आन हे..." लंकाबाई थांबल्या. "साहेब, माझा बारकू दारू पितो, नाय म्हनत नाय. कामधंद्याला टिकत नाय, ते बी खरं. पन बापाच्या पुढ्यात बसून तो कदी जेवला बी नाय, इतका भितो. एक पोरगं समुद्रापल्याड, दुसरं तुमच्या कोठडीत. नवरा तर गेलाच. हे पोरगं बी न्यायचं असंल तर माझ्यासाठी मागं काय ठेवता ते तरी सांगा."

मंगळवारी कबुली झाली की पोराच्या गळ्याला दोर लागायला फार आडकाठी उरणार नव्हती, हे बोरस्त्यांना माहीत होतं आणि त्या माउलीलाही कळत होतं.

मालनबाई निफाडकडची, शेतकऱ्याची लेक, तोंडानं फटकळ. त्यांचे यजमान रावजी कुठल्याशा कचेरीत कारकून होते. सांडपाण्याच्या नालीवरून त्यांचं आणि मास्तरांचं वाजलं होतं, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं आणि घाम पुसला.

"ह्यांच्या हातून झुरळ मरत नाही," मालनबाई म्हणाल्या. "आणि हे सगळा वेळ इथंच होते, पेपर वाचत. माझं ऐका साहेब, दुपारी मास्तरांचं आणि बारकूचं कडाक्याचं भांडण झालं. बारकू ओरडत होता, 'दादाबद्दल असलं बोलायचं नाय, सांगून ठेवतो!' भिंतीपलीकडून ऐकलं मी."

"दादाबद्दल? म्हणजे देवरामबद्दल?"

"तर! दादा म्हणजे बारकूचा देव. पण मास्तर देवरामबद्दल वाईट का बोलतील, हे मला काही उमजलं नाही."

"फोन किती वाजता आला?"

"आता घड्याळ असतं ह्यांच्या मनगटावर. मी दिवा लावायला उठले आणि आतल्या खोलीत फोन वाजला. लंकाबाई आधीच येऊन बसलेल्या. फोन झाला की बाई तासभर हलत नाही बघा. पोराचं बोलणं पहिल्यापासून सांगणार, मग चहा, मग परत पहिल्यापासून. दर शुक्रवारचं ठरलेलं."

बोरस्ते उठले. दारापर्यंत जाऊन मागं वळले.

"हे कोणाकोणाला ठाऊक होतं? शुक्रवारी दिवेलागणीला मास्तर घरात तासभर एकटे असतात, हे?"

मालनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रावजींनी पुन्हा घाम पुसला.

३

शनिवारी सकाळी बोरस्ते एसटीनं चांदवडला गेले. मास्तरांशी वैर कोणाचं, असं विचारल्यावर कॉलनीत दोघांतिघांनी एकच नाव घेतलं होतं. कोंडाजी. हा चांदवडचा शेतकरी बुधवारी इंदिरानगरात येऊन मास्तरांच्या फाटकात आरडाओरडा करून गेला होता.

कोंडाजी बाजारात कांद्याच्या ढिगावर बसलेला सापडला. शुक्रवारी संध्याकाळी तो तिथंच होता आणि अख्ख्या बाजारानं त्याला पाहिलं होतं. मास्तर गेल्याचं ऐकून त्याचं तोंड उतरलं.

"म्या कशाला मारू मास्तरला? मला बाराखडी शिकवली त्या मानसानं. भांडाया गेल्तो, खरं हाय. माझ्या पोराचा पासपोर्ट देवरामकडं आडकलाय."

"कसा?"

"दुबईला नेतो म्हनला. गावातल्या सहा पोरांचे पासपोर्ट मागून घेतले. मुंबईला एका लॉजवर त्याचा एजंट राहतो म्हनं, तिकडं धाडले. ना व्हिसा, ना पासपोर्ट. पोरगं दोन सालं झाली दुबई दुबई करतंय, शेताकडं बघत नाय. मंग बापाला इचारू नाय तर कोनाला इचारू?"

"मास्तर काय म्हणाले?"

कोंडाजीनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माझं सारं आईकून घेतलं. मंग म्हनले, 'कोंडाजी, साऱ्या पोरांच्या आयांना रविवारी जमव. मी सोता येतो चांदवडला. जे काय हाय ते भर चौकात सांगतो.' आन साहेब, असं म्हनताना मास्तर रडत व्हते."

मास्तरांना चौकात काय सांगायचं होतं, हे कोंडाजीला माहीत नव्हतं. सगळ्या गावात कोणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्यानं रविवार उजाडू दिला नव्हता.

४

रावजींनी शनिवारी सकाळीच दुबईला तार केली होती. प्रेत बर्फावर ठेवून सगळे थोरल्या मुलाची वाट बघत होते. आठवडा तरी लागेल, असा जाणत्यांचा अंदाज. पण रविवारी सकाळी टॅक्सी फाटकाशी थांबली आणि देवराम उतरला. हातात परदेशी बॅग, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं आईला मिठी मारली आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले.

पांढऱ्या कपड्यांतली माणसं मास्तरांना गोदावरीकाठी घेऊन गेली. त्रिसरण झालं, पंचशील झालं, थोरल्यानं अग्नी दिला. बोरस्ते मागं हात बांधून उभे होते. देवरामचं रडणं खोटं वाटत नव्हतं, एवढं त्यांनी मनाशी नोंदवलं.

परतल्यावर ओसरीवर माणसं बसली. दुखवट्यातही कुतूहल मरत नाही.

"इतक्या लवकर कसा रे आलास?" रावजींनी विचारलं.

"तार मिळाली आणि रात्रीचं विमान धरलं, काका. विमानाला काय, तीन तास लागतात."

"तीन तास!" कोणीतरी म्हणालं. "आणि मुंबईहून नाशकाला एसटी पाच तास घेते. कसारा घाटात ट्रक आडवा झाला तर मग बोलायलाच नको. म्हणजे बघा, दुबई जवळ आणि मुंबई लांब!"

"समुद्र आहे म्हणून लांब वाटतं," देवराम म्हणाला. या विषयावर बोलताना त्याच्या आवाजात नकळत ऐट आली. "अंतर म्हणाल तर इथून कलकत्त्याएवढंच. रात्री दहाला बसलो, मुंबईत उतरलो तेव्हा अडीच वाजले होते."

बोरस्त्यांनी बोटं मोजली. दहा ते अडीच म्हणजे साडेचार तास. माणूस पहिल्याच घासाला खोटं बोलतोय की काय?

"देवराम, तीन तासांचं विमान साडेचार तासांनी कसं पोचलं?"

देवराम क्षणभर गोंधळला, मग त्याच्या लक्षात आलं. रडून सुजलेल्या चेहऱ्यावर थोरपणाचं हसू उमटलं.

"साहेब, दुबईचं घड्याळ आपल्यामागं दीड तास. आपण पूर्वेला, ते पश्चिमेला. इथं दिवस मावळतो तेव्हा तिथं चांगलं ऊन असतं. माणसं कामावर असतात. म्हणून मुंबईत उतरलं की घड्याळ पुढं करायचं. जाताना उलटं. इथून दहाला निघालं की तिथं साडेअकराच वाजलेले असतात. पहिल्यांदा जातात ते सगळेच चकतात."

ओसरीवरच्या माणसांनी माना हलवल्या. बोरस्ते ओशाळले. उगाच माणसावर संशय घेतला, असं त्यांना वाटून गेलं. बरोबर हिशेब सांगणाऱ्याला चोर कसं म्हणायचं?

निघताना देवराम त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आला.

"बारकूला फाशी नाही ना होणार, साहेब? वकील मी देतो. तो वाईट नाही हो. दारूनं वाया गेला."

"कोठडीत जाऊन भेटायचंय त्याला?"

देवरामनं चष्मा चढवला. "आत्ताच नको. माझ्यानं बघवणार नाही."

त्या दुपारी बोरस्ते कोठडीशी गेले. बारकू दोन दिवस जेवला नव्हता. बापाच्या चितेला हातही लावायला मिळाला नव्हता.

"बारकू, तुझा दादा आलाय दुबईहून. आज सकाळीच विमानातून उतरला."

तीन दिवसांत पहिल्यांदाच बारकूनं मान वर केली, आणि तो हसला. मोठ्यानं, अंग हलवून हसला. हसता हसता त्यानं गजांवर कपाळ आपटलं आणि मग त्याचं हसू राहिलं नाही. हवालदारानं धरून बाजूला केला तेव्हा त्याच्या कपाळातून रक्त येत होतं.

५

बोरस्त्यांना रात्रभर ते हसू ऐकू येत होतं. भावाच्या येण्यात हसण्यासारखं काय होतं? एकच गोष्ट. भाऊ आज आला नाही, हे बारकूला माहीत असणं. पण मग शुक्रवारी भर दिवेलागणीला दुबईहून आईशी कोण बोललं? बाईनं आवाज ओळखला होता, वंदना म्हटली होती, तिकडची बांगसुद्धा ऐकली होती. समुद्रापलीकडं उभा असलेला माणूस इंदिरानगरच्या स्वयंपाकघरात वरवंटा कसा उचलेल? एवढ्यावर येऊन गाडी अडत होती.

सोमवारी संध्याकाळी ते पुन्हा मालनबाईंकडे गेले. कशाला, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. घरी जावंसं वाटत नव्हतं, हे खरं. मालनबाईंनी पडवीत खुर्ची दिली, चहा दिला, आणि समोर बसून त्या मेथी निवडू लागल्या. ऊन उतरलं. शेतांवर धुरकट गारवा पसरला. मग वडाळ्याच्या मशिदीतून कर्ण्यावर बांग सुरू झाली आणि मालनबाई मेथी बाजूला सारून उठल्या.

"बसा साहेब, दिवा लावून येते."

"घड्याळ न बघता वेळ कळते तुम्हाला?"

"घड्याळ कशाला हवं? वडाळ्याची बांग झाली की दिवा. कॉलनीतल्या साऱ्या बायकांचं हेच. इथं आल्यापासून हीच सवय. आता तर ती बांग कानाला लागतही नाही, हात आपोआप काडेपेटीकडं जातो."

बोरस्त्यांनी बशी खाली ठेवली.

"शुक्रवारीसुद्धा? बांग सुरू झाली, तुम्ही दिवा लावायला उठलात, आणि तेव्हाच फोन वाजला?"

"तेच तर सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. बोरस्त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. इथं दिवस मावळतो तेव्हा दुबईत चांगलं ऊन असतं, हे खुद्द देवरामनं चारचौघांत समजावून सांगितलं होतं. मग इथल्या दिवेलागणीला त्यानं तिकडं दिवा कसा लावला? उन्हात दिवस मावळतीची बांग कशी झाली? दिवसातून पाच वेळा जी बांग शेताच्या पलीकडून येते ती ह्या माणसांच्या कानांना जाणवेनाशी झाली होती, आणि तीच फोनमधून आली तेव्हा लंकाबाईंना ती थेट दुबईची वाटली. लंकाबाईंचं सोडा, पोलीस असून आपल्यालाही तसंच वाटलं. बांग म्हणजे दुबई! इतका साधा, इतका मूर्ख घोटाळा.

ते तसेच शेतातून वडाळ्याला गेले. मशिदीजवळ तीन ठिकाणी फोन होता. तिसऱ्या ठिकाणी, लाकडाच्या वखारीत, म्हातारा मालक लगेच बोलला.

"आया था ना साहब एक आदमी. जुमे की शाम को. तोंडाला मफलर, शकल दिखी नहीं. याद ऐसे रहा, के फोन पे मंतर पढ रहा था. मैंने सोचा, कैसा आदमी है, फोन पे पूजा कर रहा है."

"आवाज ओळखाल?"

"हलू हलू बोलत होता साहब. नहीं पहचान सकता."

बोरस्ते अंधारात बांधावर उभे राहिले. खुनी सापडला होता. पण तो आवाज देवरामचा होता हे सांगणारं जगात एकच माणूस होतं, त्याची आई, आणि हे तिलाच विचारायचं होतं.

६

मंगळवारी सकाळी ते मास्तरांच्या घरी गेले. कोर्टाला अजून अवकाश होता. देवराम खुर्चीत बसला होता. लंकाबाई भिंतीशी, पांढऱ्या लुगड्यात. मालनबाई आणि रावजी दारात उभे राहिले.

"देवराम, तुझा पासपोर्ट दाखव."

देवरामचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. "मुंबईला राहिला. लॉजवर."

"कुठल्या लॉजवर? सहा पोरांचे पासपोर्ट जिथं गेले त्याच?" बोरस्ते उभेच होते. "रावजींनी केलेली तार परत आलीय. त्या पत्त्यावर असा माणूस नाही म्हणून. मग तुला बापाच्या मरणाची बातमी कोणी दिली?"

देवरामनं ओठांवरून जीभ फिरवली. मग तो हळूहळू बोलू लागला. कंपनी बंद पडली. गेल्या जूनमध्येच सगळ्यांना परत धाडलं. गावाला तोंड कसं दाखवायचं म्हणून तो मुंबईत राहिला, आणि तिथूनच दर शुक्रवारी आईला फोन करत होता. मास्तर गेल्याचं त्याला मुंबईत कोणाकडून तरी कळलं.

"खोटं बोललो, मान्य आहे. त्याची शिक्षा द्या. पण नाशकात नव्हतो मी. शुक्रवारचा फोनही मुंबईचाच. बांग म्हणाल तर मुंबईत काय मशिदी नाहीत?"

"आहेत," बोरस्ते म्हणाले. "पण वडाळ्याच्या वखारीत त्याच वेळी एकजण फोनवर प्रार्थना म्हणत होता. असे दोघे कुठून येणार?"

देवराम हुशार होता. सगळा डोलारा आता कशावर उभा आहे हे त्याला तत्काळ कळलं. तो खुर्चीवरून उतरून आईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला.

"आई, सांग ह्यांना. शुक्रवारी आपण वंदना म्हटलीच नव्हती. नुसतं बोललो. सांग ना. तुझ्या लक्षात घोळ झाला असेल."

त्या दिवशी बोरस्त्यांनी बाईचं बोलणं नीट लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं. आता ती नाही म्हणाली तर प्रकरण संपलं, आणि दुपारी धाकटा मॅजिस्ट्रेटपुढं मान खाली घालून उभा राहणार. हो म्हणाली तर हा थोरला, तिच्या गुडघ्याशी बसलेला.

"लंकाबाई," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा."

लंकाबाईंनी देवरामच्या डोक्यावर हात ठेवला. केस सारखे केले.

"म्हनली व्हती," त्या म्हणाल्या. "सगळी म्हनली व्हती. मधीच तुझा आवाज कापला. मला वाटलं, पोराला घरची आठवन आली. मी घरी जाऊन हेच सांगनार व्हते ह्यांना, की पोरगं फोनवर रडलं म्हनून."

"आई!"

"तू मला तिथं बसवून ठेवलंस, देवा. तुला ठाव व्हतं, तुझा फोन झाला की मी उठत नाय."

देवरामनं आईच्या मांडीवर डोकं टेकलं. त्यानंतर जे बोलला ते तोंड लपवूनच. मुंबईत स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याला तिथं पाहिलं आणि मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी निरोप धाडला, शुक्रवारी ये, आईला तू सांग, नाहीतर रविवारी मी चांदवडच्या चौकात सांगतो. "मी फक्त थोडं थांबा म्हणत होतो. एक वर्ष. कुठंतरी लागलो असतो. ते ऐकेनात. त्या पोरांच्या आयांची नावं घेत होते एकेक."

"नुसतं बोलायला आला होतास तर तोंडाला मफलर कशाला गुंडाळलास?" बोरस्त्यांनी विचारलं.



७

संध्याकाळी बारकू सुटला. कपाळाला पट्टी होती. लंकाबाई दुपारपासून चौकीच्या ओट्यावर बसून होत्या. आतल्या कोठडीत थोरला होता, आणि बाहेर येताना बारकूला त्याच्यासमोरून यावं लागलं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं की नाही, हे बोरस्त्यांनी मुद्दाम बघितलं नाही.

"तू त्याला शुक्रवारीच पाहिलं होतंस," ते बारकूला म्हणाले. "मागच्या दारानं जाताना."

बारकूनं होकार दिला. "आबा तेव्हा जिवंत होते, साहेब. डोकं मांडीवर घेतलं मी. त्यांनी हातानं खूण केली, दादाच्या मागं जाऊ नको म्हणून. का वाचवला त्याला, ते त्यांनाच ठाऊक. मग वरवंटा मीच हातात घेतला. मी कोण बोलणार?"

तो ओट्यावर आला. आई उठून उभी राहिली, पण तो जवळ गेला नाही. दोन पायऱ्या खालीच थांबला.

"का सांगितलंस, आई?" त्याचा आवाज चिरका झाला. "मी कबूल होणारच होतो. दोघांतला एक जाणारच होता ना? मी काय, आज दारूनं मेलो असतो, उद्या कशानं. दादा शिकलेला, चार माणसांत बसणारा. उद्या तुला सांभाळलं असतं त्यानं. कामाचा मुलगा घालवलास आणि हा फुकटा ठेवलास. कुठल्या आईनं असं केलं असतं?"

बोरस्त्यांना वाटलं, बाई आता कोसळणार. ते पुढं झाले. पण लंकाबाई ताठ उभ्या होत्या.

"आईनं नसतंच केलं," त्या म्हणाल्या. "आई म्हनून मी आत पन गेले असते, त्याच्या वाटचं कबूल व्हायला. पन तुमी दोघं सारखे आई, आई करता. चाळीस वर्सं मी त्या मानसाची बायको व्हते, बारकू. त्याच्या बाजूनं बोलायला दुसरं कोन व्हतं?"

बारकू खालच्या पायरीवर मटकन बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. थोड्या वेळानं लंकाबाई खाली उतरल्या आणि त्याच्या शेजारी बसल्या. हवालदार फाटक लावायला आला होता. बोरस्त्यांनी त्याला हातानं थांबवलं.